गोव्याच्या रॅम्पवर कुणीच नापास झालं नव्हतं

वास्कोचा दामोदर सप्ताह तोंडावर आला होता आणि आमच्या चिखलीत ज्याच्या त्याच्या मोबाइलवर एकच मेसेज फिरत होता. पुण्याच्या मावसभावाने तो पाठवताना खाली आपली एक ओळ जोडली: "दादा, हे तुमच्या दारातच झालं ना रे?" दारातच झालं, एवढं खरं आहे. बाकीचं बरंचसं चुकीचं आहे, आणि जे चुकीचं आहे ते लोक अभिमानाने पुढे ढकलताहेत, हे मला बोचतं. म्हणून सविस्तर लिहितो.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: नौदलाने विमानवाहू जहाजांसाठी फ्रान्सची २६ राफेल-एम विमानं घेतली, त्याची कारणं चार. एक, गोव्यातल्या चाचणीत अमेरिकेचं सुपर हॉर्नेट रॅम्पवरून उडूच शकलं नाही. दोन, राफेल हे जगातलं सर्वोत्तम लढाऊ विमान आहे. तीन, फ्रान्सने आजवर कुणालाही दगा दिलेला नाही. चार, अमेरिका आपलं एफ-३५ हे लढाऊ विमान द्यायला तयार होती, पण भारताने ते बाणेदारपणे नाकारलं. शेवटी सूर एकदम उलटा फिरतो: एका विमानामागे २,४०० कोटी मोजण्यापेक्षा नौदलाचं तेजस तयारच होतं, ते मुद्दाम डावललं.

पहिल्यापासून सुरुवात करू, कारण तो आमच्या गावचा आहे.

दाबोळीला नौदलाचा आयएनएस हंसा हा तळ आहे आणि नागरी विमानं त्याचीच धावपट्टी वापरतात. आठवड्यातले पाच दिवस सकाळचे काही तास प्रवासी विमानं थांबतात आणि नौदलाचा सराव चालतो, हे इथे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. याच तळावर विमानवाहू जहाजाच्या डेकची जमिनीवर बांधलेली प्रतिकृती आहे. एका टोकाला वर वळत गेलेला रॅम्प, ज्याला स्की-जंप म्हणतात, आणि दुसरीकडे उतरणाऱ्या विमानाला अडवणारे जाड पोलादी दोर. विमानाच्या शेपटीखालचा हुक त्या दोरात अडकला की काही सेकंदांत विमान जागच्या जागी थांबतं.

रॅम्प का लागतो ते समजलं की पहिला मुद्दा आपोआप मोडतो. आपल्या विक्रमादित्य आणि विक्रांत या दोन्ही जहाजांवर विमान फेकणारी कॅटापुल्ट नाही. चाकं अडवून धरायची, इंजिनं पूर्ण जोरात आणायची आणि मग अडसर काढायचा. डेक इतका तोकडा असतो की टोकाला पोचेपर्यंत उडण्यापुरता वेग आलेलाच नसतो. रॅम्प विमानाला वर भिरकावतो आणि त्या वर जाण्यात जे काही सेकंद मिळतात तेवढ्यात विमानाला उरलेला वेग गाठावा लागतो. फ्रान्सच्या शार्ल द गोल जहाजावर वाफेची कॅटापुल्ट आहे, अमेरिकेच्या मोठ्या विमानवाहू जहाजांवरही कॅटापुल्टच आहे. म्हणजे राफेल-एम आणि सुपर हॉर्नेट, दोघंही जन्माने कॅटापुल्टची विमानं. रॅम्प दोघांनाही परका.

म्हणूनच तर दोघांना गोव्यात यावं लागलं. राफेल-एम जानेवारी २०२२मध्ये आलं. त्याच वर्षी मे-जूनमध्ये दोन सुपर हॉर्नेट आली. ती रॅम्पवरून उडाली, वेगवेगळ्या वजनांनी आणि शस्त्रं लावून उडाली, दोरावर उतरली. त्याआधीही, २०२०मध्ये, अमेरिकेत मेरीलँडमधल्या तळावर खास बांधलेल्या रॅम्पवरून सुपर हॉर्नेट उडवून दाखवलेलं होतं. उडूच शकलं नाही हे सरळ खोटं आहे. मे महिन्यातल्या त्या दिवसांत चिखलीच्या चढावर उभं राहिलं की तो वेगळा आवाज कानावर यायचा. मिगच्या आवाजाला सरावलेल्या आमच्या कानांना फरक लगेच कळला होता.

आता दुसरा मुद्दा, "सर्वोत्तम विमान". सगळा घोळ याच शब्दात आहे. लग्नाच्या बाजारात "उत्तम स्थळ" म्हणतात तसा हा शब्द आहे: कुणासाठी उत्तम, हे विचारल्याशिवाय त्याला अर्थ नाही. देश विमान निवडतो तेव्हा तो आपलं जहाज, आपली वर्कशॉप, आपल्या वैमानिकांचं प्रशिक्षण आणि आपल्याला उद्या कोण अडवू शकेल याचा हिशेब घेऊन बसतो. तीस-चाळीस वर्षांचा संसार असतो तो. वेग, रडार, क्षेपणास्त्राचा पल्ला हे सगळं त्या हिशेबातले आकडे, पण एकूण बेरीज त्यांच्यावर ठरत नाही.

याचा धडा आपल्याला गोव्यातच मिळाला आहे. दाबोळीहून उडणारी मिग-२९के विमानं कशी आली? जानेवारी २००४मध्ये रशियाशी गोर्श्कोव्ह जहाजाचा करार झाला. तेच पुढे विक्रमादित्य झालं. त्याच करारात १६ मिग-२९के होती. २०१०मध्ये आणखी २९ मागवली, एकूण ४५. जहाजासोबत विमान आलं. चार विमानं समोर ठेवून कुणी निवड केली असं झालं नाही. जहाजाच्या दुरुस्तीची किंमत ९७ कोटी ४० लाख डॉलर ठरली होती, ती वाढत वाढत २३० कोटी डॉलरच्या पुढे गेली, ते वेगळंच. पण विमानांचं काय झालं ते कॅगच्या २०१६च्या अहवालात छापलेलं आहे. मिग-२९के उड्डाणासाठी तयार असण्याचं प्रमाण १५.९३ ते ३७.६३ टक्के. म्हणजे हँगरमध्ये दहा विमानं असतील तर वाईट दिवसांत धड दोनही उडण्याजोगी नाहीत. आराखड्यातल्या दोषांमुळे ४० इंजिनं सेवेतून काढावी किंवा नाकारावी लागली, घेतलेल्या इंजिनांपैकी ६२ टक्के. डेकवर उतरल्यावर बसणाऱ्या हिसक्याने बिघाड होत, दुरुस्त करूनही पुन्हा होत.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. २०१९च्या नोव्हेंबरात वेर्ण्याच्या पठाराजवळ मिग कोसळलं, तेव्हा पक्षी धडकले होते. दोन्ही वैमानिक वाचले. प्रत्येक अपघात यंत्राच्या माथी मारणं अन्यायाचं होईल. ही विमानं उडती ठेवण्यासाठी हंसावरचे तंत्रज्ञ किती खपतात ते आम्ही शेजारी म्हणून पाहतो. माझ्या शेजारच्या एका निवृत्त एअर टेक्निशियन काकांना मी विचारलं होतं, विमान चांगलं कशावरून ठरतं? ते म्हणाले, "सकाळी सहाला सांगितलं की साडेसातला तयार, ते चांगलं." इतक्या वर्षांत विमानांबद्दल मी याहून शहाणं वाक्य ऐकलेलं नाही.

ही फुटपट्टी लावली तर राफेलची निवड समजू लागते. हवाई दलाने २०१६च्या करारात ३६ राफेल घेतली, ती अंबाला आणि हासीमारा इथे आहेत आणि २०२२च्या अखेरीस शेवटचं विमानही आलं. नौदलाच्या राफेल-एमची चाकं आणि सांगाडा डेकसाठी मजबूत केलेला, खाली हुक, पण एम-८८ इंजिन तेच, रडार तेच, बहुतेक सुटे भाग तेच. दुरुस्ती शिकलेले हात देशात आहेत. इंजिनाचा एखादा भाग अंबाल्याच्या शेल्फवर असेल तर तो दाबोळीला येऊ शकतो. मिगच्या वेळी नेमकी हीच सोय दिसली नाही. हवाई दलाकडेही मिग-२९ आहेत, पण नौदलाच्या मिगचं इंजिन निराळ्या प्रकारचं.

सुपर हॉर्नेटच्या बाजूनेही बोलण्यासारखं पुष्कळ होतं आणि ते लपवून ठेवणं बरं नाही. सुपर हॉर्नेटचे पंख दुमडतात. राफेलचे दुमडत नाहीत, आणि त्याचा पसारा साधारण १०.९ मीटर आहे. विक्रांतवर विमान हँगरमधून डेकवर नेणाऱ्या लिफ्ट मिगच्या मापाने आखलेल्या. दाबोळीजवळच्या नौदल विमान संग्रहालयात जुनी अलिझे आणि सी हॉक विमानं ठेवली आहेत. जुन्या विक्रांतवरची ही दोन्ही पंख दुमडणारी. पोरांना घेऊन गेलात तर पंखाचा सांधा जवळून बघा, जहाजावर एक एक वीत जागेचा हिशेब कसा करावा लागतो ते तिथे कळतं. दोन आसनांचं सुपर हॉर्नेट डेकवरून लढायला जाऊ शकतं. आपण घेतलेल्या २६ राफेलपैकी चार दोन-आसनी आहेत, ती मात्र किनाऱ्यावरून प्रशिक्षणासाठीच. म्हणजे या दोन बाबतींत राफेल मागे पडतं, तरीही निवडलं गेलं. "सर्वोत्तम म्हणून निवडलं" म्हणणाऱ्यांनी यावर जरा थांबून विचार करावा.

आणि सुपर हॉर्नेटची एक मोठी अडचण रॅम्पवर दिसणारी नव्हतीच. फेब्रुवारी २०२३मध्ये बोइंगने जाहीर केलं की या विमानाचं उत्पादन २०२५च्या अखेरीस थांबेल; बाहेरच्या देशाची मागणी आली तर २०२७पर्यंत चालेल. ज्याचा कारखाना बंद व्हायला निघालाय ते नवं विमान पुढच्या पिढीपर्यंत सांभाळायचं, हा निर्णय कुठल्याही नौदलाला जड जाईल. संरक्षण खरेदी परिषदेने त्याच वर्षी जुलैमध्ये २६ राफेल-एमना तत्त्वतः मंजुरी दिली आणि २८ एप्रिल २०२५ला करार झाला. २०१७मध्ये नौदलाने ५७ विमानांसाठी माहिती मागवली होती, हेही लक्षात असू द्या; संख्या निम्म्याहून खाली आली की वेगळं विमान, वेगळी वर्कशॉप, वेगळे सिम्युलेटर उभे करण्याचा खर्च आणखीच टोचतो.

बाहेरच्या देशांतही निवड याच रीतीने होते. ब्राझीलने डिसेंबर २०१३मध्ये ३६ विमानांसाठी स्वीडनचं ग्रिपेन निवडलं. समोर राफेल आणि सुपर हॉर्नेट, दोन्ही दोन इंजिनांची, जास्त ताकदीची. ब्राझीलला मात्र विमान बांधायला शिकायचं होतं, आणि स्वीडनने ते शिकवण्याची तयारी दाखवली. आज तिकडे एंब्राएर या ब्राझीलच्याच कंपनीच्या कारखान्यात ग्रिपेनची जुळणी होते. त्याच वर्षी अमेरिकेने ब्राझीलच्या राष्ट्राध्यक्षांवर पाळत ठेवल्याचं उघड झालं होतं, त्याने सुपर हॉर्नेटचं पारडं हलकं झालं. क्रोएशियाची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. २०१८मध्ये त्यांनी इस्रायलकडून वापरलेली एफ-१६ घ्यायची ठरवली. विमानं इस्रायलची, इस्रायलने सुधारलेली. पण मूळ अमेरिकी, म्हणून तिसऱ्याला विकायला अमेरिकेची परवानगी हवी. अमेरिकेने त्या सुधारणांसकट द्यायला नकार दिला, सौदा मोडला. मग २०२१मध्ये क्रोएशियाने फ्रान्सची वापरलेली १२ राफेल घेतली. यात कुठलं विमान हवेत सरस, हा प्रश्न कुणी विचारलाच नाही.

यावरून तिसऱ्या मुद्द्यावर येऊ: फ्रान्सने कुणालाही दगा दिला नाही.

आपल्यापुरतं बोलायचं तर या भावनेला आधार आहे. १९९८च्या पोखरण चाचण्यांनंतर अमेरिकेने निर्बंध घातले. नौदलाची सी किंग हेलिकॉप्टरं ब्रिटनमध्ये बांधलेली, पण मूळ आराखडा आणि काही भाग अमेरिकी; सुटे भाग अडले आणि कित्येक हेलिकॉप्टरं जमिनीवर बसून राहिली. तेजसच्या नियंत्रण प्रणालीवर अमेरिकेत काम करणाऱ्या आपल्या अभियंत्यांना परत पाठवण्यात आलं. फ्रान्सने मात्र तेव्हा निर्बंध घातले नाहीत, आणि पुढच्याच वर्षी कारगिलमध्ये फ्रेंच बनावटीच्या मिराज-२०००ने काय केलं ते सगळ्यांना माहीत आहे. १९५३पासून, तुफानी विमानांपासून, हा व्यवहार चालत आलाय. संग्रहालयातली ती अलिझेही फ्रेंचच.

पण "कुणालाही नाही" हे म्हणू नका. १९६७च्या जूनमध्ये फ्रान्सने इस्रायलवर शस्त्रबंदी घातली आणि इस्रायलने पैसे मोजलेली ५० मिराज-५ दिली नाहीत. रशियासाठी बांधलेली दोन मिस्त्राल युद्धजहाजं, रशियाने क्रायमिया घेतल्यानंतर, अडवून ठेवली आणि २०१५मध्ये करारच रद्द केला. त्या निर्णयांची कारणं पटतील किंवा पटणार नाहीत. मला एवढंच म्हणायचंय की परदेशी विमानासोबत परदेशी लगाम येतोच. तो कुणाच्या हातात असलेला आपल्याला कमी त्रासाचा, एवढीच निवड आपल्या हातात असते. आज फ्रान्सचा लगाम भारताला सैल वाटतो. हे राजकारण आहे, स्वभाव नव्हे, आणि राजकारण बदलतं.

अमेरिकेलाही आपण दूर लोटलेलं नाही. दाबोळीवरच बोइंगची पी-८आय टेहळणी विमानं आहेत, त्यांची स्वतंत्र तुकडी मार्च २०२२मध्ये इथे उभी राहिली, सुपर हॉर्नेटच्या चाचणीच्या दोन महिने आधी. पाणबुडी शोधायला अमेरिकी विमान, डेकवरून लढायला फ्रेंच: नौदलाने दोन कामांसाठी दोन दारं ठोठावली आहेत.

एफ-३५चा मुद्दा लवकर आटपतो. फेब्रुवारी २०२५मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी ते भारताला देण्याचा मार्ग मोकळा करू असं म्हटलं. त्यानंतर ऑगस्टमध्ये सरकारने संसदेत सांगितलं की याबाबत औपचारिक चर्चाच झालेली नाही. जे रीतसर समोर ठेवलं नाही ते बाणेदारपणे नाकारणार कसं? शिवाय तुर्कस्तानचं उदाहरण समोर आहे: त्यांनी रशियाची एस-४०० ही हवाई संरक्षण यंत्रणा घेतली आणि जुलै २०१९मध्ये अमेरिकेने त्यांना एफ-३५च्या कार्यक्रमातून बाहेर काढलं. आपणही एस-४०० घेतलेली आहे.

उरला पैशाचा आणि तेजसचा मुद्दा. यात मेसेज लिहिणाऱ्याची तळमळ खरी असावी असं मला वाटतं, म्हणून उत्तरही नीट देतो.

सुमारे ६३,००० कोटींना २६ने भागलं की २,४०० कोटींच्या आसपास येतात, गणित बरोबर आहे. भागाकार मात्र चुकीच्या गोष्टीचा केलाय. त्या रकमेत शस्त्रं आहेत, सिम्युलेटर आहेत, वैमानिक आणि तंत्रज्ञांचं प्रशिक्षण आहे, देखभालीचा असा करार आहे ज्यात विमान तयार ठेवण्याची जबाबदारी पुरवठादारावर येते, हवाई दलाच्या राफेलसाठीही काही सामग्री आहे, भारतीय शस्त्रं बसवण्याचं तंत्रज्ञान आहे, आणि विमानाचा मधला सांगाडा भारतात बनवण्याची आणि इंजिनाची दुरुस्ती इथे करण्याची तरतूद आहे. मिगच्या १५ टक्क्यांचा अनुभव घेतलेल्या नौदलाने देखभालीवर आधीच पैसे ओतले, तर त्यात मला उधळपट्टी दिसत नाही. रक्कम मोठी आहेच, तिचा हिशेब संसदेने आणि कॅगने काटेकोर मागावा. पण रिकाम्या विमानाची किंमत म्हणून ती फिरवू नये.

आणि तेजस. त्याच्याबद्दल मला आपलेपणा आहे, कारण त्याच्या नौदल आवृत्तीची परीक्षा आमच्या डोळ्यांदेखत झाली. २० डिसेंबर २०१४ला ते दाबोळीच्या रॅम्पवरून पहिल्यांदा उडालं. १३ सप्टेंबर २०१९ला दोर पकडून पहिल्यांदा थांबलं. ११ जानेवारी २०२०ला विक्रमादित्यवर उतरलं, २०२३च्या फेब्रुवारीत विक्रांतवर. इतकं सगळं झाल्यावर "मग घेतलं का नाही?" हा प्रश्न साहजिक आहे. उत्तर वजनात आहे. एकच इंजिन, आणि डेकसाठी मजबूत केल्यावर वाढलेलं वजन. छोट्या डेकवरून ते उडतं, पण पुरेसं इंधन आणि पुरेशी शस्त्रं एकाच वेळी घेऊन उडत नाही. तेव्हाच्या नौदलप्रमुखांनी २०१६च्या डिसेंबरातच हे जाहीरपणे सांगितलं होतं. त्यातून मिळालेली माहिती आता दोन इंजिनांच्या नव्या देशी विमानाच्या आराखड्यात वापरली जातेय, पण ते विमान अजून कागदावर आहे.

आणि तेजसचं इंजिन कुठलं? अमेरिकेच्या जीईचं एफ-४०४. हवाई दलाच्या नव्या तेजससाठी ९९ इंजिनांचा करार २०२१मध्ये झाला. पहिलं इंजिन मार्च २०२५मध्ये हाती पडलं, ठरल्यापेक्षा जवळपास दोन वर्षं उशिरा. तोवर विमानांचे सांगाडे तयार होऊन इंजिनाची वाट बघत उभे होते. मावसभावाला मी हेच लिहिलं: ज्या दिवशी इंजिन आपलं होईल, त्या दिवशी हा मेसेज पुन्हा पाठव, मी स्वतः पुढे पाठवीन. तोपर्यंत २६ राफेल २०३०पर्यंत यायची आहेत, आणि रोज सकाळी आमच्या कौलांवरून जातंय ते मिगच.